घाट चढायचा तर आधी सायकलचे दाते मोजा

उसाची भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढाला लागतो तेव्हा जाणता ड्रायव्हर काय करतो, हे आपल्या वसमत भागात शेंबडं पोरही सांगेल. चढ सुरू व्हायच्या आधीच तो गिअर खाली घेतो. अर्ध्या चढावर इंजिन गुदमरायला लागल्यावर गिअर शोधणारा ड्रायव्हर एक तर क्लच जाळून बसतो, नाहीतर ट्रॉली मागं सोडतो. आज या पानावर पीकपाणी बाजूला ठेवून सायकलीचा विषय घेतला आहे तो एवढ्याचसाठी. माणसाच्या अंगाचं गणित ट्रॅक्टरपेक्षा फार वेगळं नाही, पण आपल्या गावची तरणी पोरं ते गणित न मांडताच चढाला भिडतात. गुडघे धरून बसतात, आणि मग म्हणतात, आपल्या नशिबात नाही.

हल्ली वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर ट्रायथलॉन हा शब्द सारखा दिसतो. आधी पोहायचं, पाण्यातून निघून सायकलवर बसायचं आणि सायकल ठेवून लगेच पळायचं, मधे विश्रांती नाही, अशी ही तिहेरी शर्यत. ऑलिंपिकमध्ये ती २००० सालच्या सिडनी स्पर्धेपासून आहे. तिथं दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. याचा थोरला भाऊ म्हणजे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साधारण १७ तासांच्या आत. १९७८ साली अमेरिकेच्या हवाई बेटावर ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण निघाले आणि १२ जण पोचले. आपल्या देशात याचं निम्म्या अंतराचं रूप २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात सुरू झालं.

मराठी माणूस यात मागं नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली वयाच्या ४९ व्या वर्षी झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत जोडीनं, नऊ दिवसांच्या आत संपवली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूर काही आपल्याला परमुलूख नाही.

आता कुणी म्हणेल, साहेब, ही डॉक्टर लोकांची आणि पैसेवाल्यांची हौस. खोटं नाही. शर्यतीची फीच हजारांत असते आणि भारी सायकल लाखांत जाते. एका हंगामाची हळद विकून असली सायकल घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. पण या लोकांच्या तयारीत एक भाग असा आहे की त्याला पैसा कमी आणि शहाणपण जास्त लागतं. तो म्हणजे लांबलचक घाट सायकलनं चढण्याचा सराव. तेवढा आपण उचलावा.

घाटच का

सपाट रस्त्यावर सायकलवाला नकळत चोरी करतो. पाच मिनिटं पायडल मारतो, एक मिनिट तसाच जाऊ देतो. वारा पाठीमागून असला की आणखी आराम. घाटात ही चोरी चालत नाही. पाय थांबला की सायकल थांबली. तास-सव्वा तास छाती आणि मांड्या एकाच लयीत, न थांबता काम करतात. म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणारे आठवड्यातून एकदा तरी घाट गाठतात. वर पोचल्यावर बरेच जण सायकल लावून पंधरा-वीस मिनिटं पळतात. त्या वेळी पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. त्या लाकडी पायांनी पळायची सवय लावणं हाच त्यातला हेतू.

आपल्या राज्यात या कामासाठी नावाजलेले घाट सह्याद्रीत आहेत. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरचा. वाई ते पाचगणी उंचीत साडेपाचशे मीटरच्या वर फरक पडतो. सगळ्यात जुना मान मात्र बोरघाटाचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीनंतरचा हा चढ जो सर्वांत आधी पार करतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यत दुसऱ्यानं जिंकली तरी राजा तो राजाच. खोपोली ते खंडाळा जुन्या रस्त्यानं माणूस जवळपास ५०० मीटर वर चढतो. (द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

याच जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ लागतं. शिंगरोबा हा धनगर. जनावरांच्या मागं फिरून त्याला डोंगराची नस न् नस ठाऊक होती आणि त्यानंच इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, पण बक्षिसाऐवजी त्याच्या वाट्याला गोळी आली, अशी तिथली कथा आहे. कथेची कागदपत्रं कुणी शोधावीत. मला त्यातलं खरं वाटतं ते एवढंच, की जनावर चढ कसा काढतं हे ज्यानं बघितलं त्याला रस्ता कळतो. गाय डोंगर सरळ चढत नाही, आडवी-तिरकी वळणं घेत जाते. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली ती सुद्धा असाच चढ वाटून घेत. तिथं सगळ्यात खडा चढ ३७ फूट चालीला १ फूट, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवला आहे.

टक्का म्हणजे काय, हे आपल्याला नवीन नाही

बांधबंदिस्ती आणि सलग समतल चराच्या कामावर असलेल्या कुणालाही उताराचा टक्का समजावून सांगायची गरज नाही. शंभर मीटर चाललं आणि पाच मीटर वर गेलं की पाच टक्के. जमिनीचा उतार मोजायला आपण जी पाण्याची पारदर्शक नळी किंवा ए-फ्रेम वापरतो, तीच रस्त्याला चालते. वीस मीटरवर दोन काठ्या धरायच्या, नळीतल्या पाण्याची पातळी दोन्हीकडं बघायची. जमिनीपासूनच्या उंचीत एक मीटर फरक आला तर चढ पाच टक्के, सव्वा मीटर आला तर सव्वासहा. कृषी सहायक, रोजगार सेवक किंवा पाणलोट समितीतला कुणीही माणूस अर्ध्या तासात गावच्या चढाचं माप काढून देईल. चढावर चार-पाच ठिकाणी मोजावं, कारण पायथ्याला दोन टक्के आणि माथ्याला आठ असा चढ फसवतो.

रस्ते बांधणाऱ्यांची नियमावलीही अशीच बोलते. सपाट प्रदेशात ३.३ टक्के, डोंगराळ भागात ५ टक्के आणि अगदी खड्या भागात ६ टक्के यापेक्षा जास्त चढ शक्यतो ठेवू नये असा त्यांचा दंडक आहे. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांची सरासरी याच पट्ट्यात येते, अधूनमधून एखादं वळण मात्र चांगलंच अंगावर येतं.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघू. औंढा नागनाथचा डोंगराळ पट्टा, सेनगाव-कळमनुरीकडचे माळ इथं चढउतार आहेत, पण तासभर चालेल असा घाट आपल्याकडं नाही. म्हणून रडत बसायचं कारण नाही. समजा तुमच्या गावाजवळ पाच टक्क्यांचा, ८०० मीटर लांबीचा चढ आहे. एकदा चढलं की ४० मीटर झाले. तेरा वेळा चढलं की ५२० मीटर, म्हणजे बोरघाट घरच्या घरी झाला. पहिल्या आठवड्यात तीनच फेऱ्या कराव्या, पुढं दर आठवड्याला एकेक वाढवावी, आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कराव्या. सोयाबीनच्या रानाला जसा वाफसा लागतो तसा अंगालाही लागतो. ओल्यात पाळी घातली की ढेकळंच निघतात.

एका गावात शिवारफेरीला गेलो असताना पारावर बसलेल्या एका आबांनी मला अडवलं. म्हणाले, “साहेब, आमचा नातू रोज पहाटं सायकल घेऊन माळावर जातो. नुसता वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. येड लागलंय का त्याला? वावरात चला म्हणलं की पाय दुखतात म्हणतो.” मी म्हणालो, “आबा, बैलाला शर्यतीच्या आधी पळवून आणत होता का नाही तुम्ही?” आबा हसले. “बैलाला खुराक बी देत होतो,” म्हणाले. खुराकाचं पुढं सांगतो. आबांचं हे उत्तर मात्र पोरांच्या आई-बापांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माणूस किती अश्वशक्तीचा

कृषी पदविकेच्या अभ्यासक्रमात शेती अवजारांच्या पुस्तकात एक कोष्टक असायचं. सतत काम करताना माणूस साधारण ०.१ अश्वशक्ती देतो, बैलजोडी सुमारे एक अश्वशक्ती. परीक्षेत दोन मार्कांना यायचं आणि आम्ही विसरून जायचो. तेच कोष्टक घाटाला लावून बघा.

माणूस, सायकल, पाणी मिळून ८० किलो वजन धरा. ते ५०० मीटर वर उचलायचं. एका तासात उचललं तर नुसत्या उचलण्याला १०९ वॅट लागतात. दीड तासात उचललं तर ७३ वॅट. अश्वशक्तीचा दहावा भाग म्हणजे ७५ वॅट. म्हणजे आमच्या पुस्तकातला साधा माणूस, कोळपणी करणारा, पाणी देणारा, पोती उचलणारा, बोरघाट दीड तासात चढू शकतो. चाकाच्या आणि वाऱ्याच्या अडथळ्याला आणखी दहा-पंधरा वॅट धरा. तासात चढायचं असेल तर मात्र सराव हवा. आणि फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीतले पट्टीचे गडी डोंगरात ४०० वॅटच्या आसपास, अर्ध्या अश्वशक्तीहून जास्त, अर्धा-पाऊण तास काढतात. ती बैलजोडी समजा. आपण त्यांच्या नादी लागायचं नाही.

यातून एक गोष्ट निघते. शक्ती कमी पडते म्हणून आपला माणूस चढावर उतरत नाही. तो उतरतो कारण ती शक्ती चुकीच्या गिअरमधून लावतो.

दाते मोजा

आपली साधी काळी सायकल घ्या. पुढच्या चक्राचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. पुढं ४४ आणि मागं १८ असतील तर एका पायडलच्या फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढं जाते. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी आठ किलोमीटरनं जायचं म्हटलं, तर मिनिटाला १३३ मीटर. या सायकलवर मिनिटाला पंचवीसच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला सगळं वजन पायावर टाकून, दात-ओठ खाऊन दाबावं लागतं. तो जोर सरळ गुडघ्याच्या वाटीवर येतो.

आता बाजारात मिळणारी २६ इंची चाकाची साधी गिअरची सायकल घ्या. पुढचं सगळ्यात लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ चं असेल, तर एका फेरीत सायकल पावणेदोन मीटरच जाते. तोच चढ, तोच वेग, तोच माणूस. फेऱ्या मात्र मिनिटाला पंचाहत्तर, आणि प्रत्येक फेरीला पायावरचा जोर तिसऱ्या हिश्शावर येतो. काम तेवढंच झालं, पण एका पोत्याचे तीन वाटे करून उचललं. एवढ्यासाठीच मी म्हणतो, चढाचं शास्त्र दात्यांत आहे.

गंमत अशी की ज्या फ्रान्सच्या शर्यतीचं आज एवढं नाव आहे, ती १९०३ साली सुरू झाली आणि तिथंही १९३७ पर्यंत चालता चालता गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी नव्हती. पायथ्याला उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचे मोठे दाते चेनला लागायचे, आणि मग डोंगर चढायचा. आडमुठेपणा काही फक्त आपल्याकडंच असतो असं नाही.

तेव्हा गिअरची सायकल घ्यायची तर रंग, जाड टायर, पुढचे स्प्रिंग बघून घेऊ नका. स्प्रिंगच्या सायकली जड असतात आणि चढावर दाबलेला जोर स्प्रिंगच खाते. मागचं चक्र २८ किंवा त्याहून मोठं, पुढचं लहान, ब्रेक धड, शीट उंच करता येणारी, एवढं बघा. तालुक्याच्या ठिकाणी वापरलेली सायकल निम्म्याहून कमी पैशात मिळते. शीटची उंचीही महत्त्वाची. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहिला पाहिजे. आपली पोरं शीट खाली घेऊन, गुडघे छातीला लावून सायकल हाणतात आणि मग गुडघ्याला तेल चोळत बसतात.

काळी सायकलच असेल तर? सायकल मिस्त्रीकडून मागचं फ्रीव्हील २० किंवा २२ दात्यांचं बसवून घ्या. खर्च थोडा, फरक मोठा. तरीही जिथं गुडघा बोलायला लागला तिथं उतरून चालावं. त्यात कमीपणा नाही.

वेग किती ठेवावा, याला घड्याळ नको. चढताना शेजाऱ्याशी तुटक का होईना, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नुसतं हं-हं निघत असेल तर पायथ्यालाच जास्त ओढलं आहे. घाटाचा पहिला एक किलोमीटर मुद्दाम हळू काढणारा माणूस शेवटच्या किलोमीटरला बाकीच्यांना मागं टाकतो, हे कुठल्याही घाटात बघायला मिळतं.

भरतीची पोरं आणि ऊन

आता ज्या कारणानं हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. आपल्या गावागावांतून पहाटे रस्त्यानं पळणारी पोरंपोरी दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. जाहिरात निघाली की तयारी सुरू, लांबली की बंद, पुन्हा निघाली की एकदम जोरात. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवारांचा जीव गेला. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं. खेड्यापाड्यांतून आलेली अशी पोरं रात्रभर प्रवास करून, फुटपाथवर झोपून, रिकाम्या पोटी मैदानात उतरतात. अंतर कमी झालं, पण रिकामं पोट आणि दमट ऊन तिथंच आहे.

अशा पोरांना आठवड्यातले दोन दिवस धावणं बंद करून चढावर सायकल चालवायला लावा. डांबरी रस्त्यावर पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त दणका बसतो, सायकलवर तो बसत नाही. नडगी दुखत असेल तरी छातीचा सराव चुकत नाही. भरती झाली नाही तरी छाती आणि पाय आपलेच राहतात.

खुराक म्हणजे पावडरचे डबे नव्हेत. तासाभराच्या चढाला साधारण ४५० ते ५०० कॅलरी खर्च होतात. भरल्या पोटाच्या माणसाच्या अंगात दीड-दोन तास पुरेल एवढी साखर साठलेली असते, त्यामुळं तासाभरासाठी वाटेत काही खायची गरज नाही. आदल्या रात्रीची भाकरी, वरण, भात पुरे. दोन तासांच्या पुढं काम गेलं तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड पदार्थ पोटात गेला पाहिजे. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतो, गुळाच्या २० ग्रॅमच्या खड्यात जवळजवळ तेवढ्याला तेवढा. वसमतची केळी आणि गूळ-शेंगदाणे खिशात असताना परदेशी पाकिटं कशाला हवीत, हे मला अजून कळलेलं नाही.

पाण्याचं मात्र नीट ऐका. उन्हाळ्यात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठ जातं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी, प्रसंगी झटके येतात. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ही आपली जलसंजीवनी. आशाताईंना विचारा, त्या तयार पाकीटही देतील. मार्च ते जून सकाळी आठच्या आत सायकल घरी आली पाहिजे. घाम एकदम थांबला, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि तसंच दवाखान्यात हलवावं. पाणी पाजायच्या नादात वेळ घालवू नये.

पोहण्याबद्दल थोडक्यात. विहिरीत पाठीला कॅन बांधून आपण सगळे पोहायला शिकलो, पण लांब पोहण्याचा सराव इसापूर किंवा सिद्धेश्वरच्या जलाशयात आणि चालू कालव्यात एकट्यानं करू नये. कालव्याचा काठ निसरडा, वर यायला जागा नसते. पट्टीचे पोहणारे तिथंच जातात.

सायकल पडवीत का पडली

मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातल्या हजारो मुलींना आठवी ते बारावीच्या शिक्षणासाठी सायकली मिळाल्या. गाव ते हायस्कूल पाच किलोमीटर धरा. रोज दहा, वर्षाचे शाळेचे दोनशे दिवस धरले तरी दोन हजार किलोमीटर. पाच वर्षांत दहा हजार. दप्तर पाठीवर, समोरून वारा, कधी मागं धाकटा भाऊ डबलशीट. शहरातला माणूस ट्रायथलॉनची तयारी सुरू करतो तेव्हा पहिल्या वर्षी एवढी सायकल त्याच्याकडून होत नाही. आणि आपल्याकडं बारावीचा निकाल लागला की ती सायकल पडवीत जाते, टायर बसतं, चेन गंजते. पोरीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. विशीच्या आत स्थळं बघायला लागतात.

माझं म्हणणं असं की अशा पोरीला चढावर एकदा बघावं. त्यांना दमानं चालवायची सवय आधीपासून असते. मुलगे पायथ्यालाच उसळी मारतात, मुली लय धरून चढतात. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांनी मनावर घेतलं तर फार काही लागत नाही. पडवीतल्या सायकली दुरुस्त करून घ्याव्यात, गावाजवळचा एक चढ नळीनं मोजून दर शंभर मीटरला चुन्याची खूण करावी, आणि रविवारी सकाळी पोरापोरींना वेळ लावून चढू द्यावं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते गावच्या शर्यतीच्या ढालीवर मिळत नाही. कोणता खेळ, कोणत्या पातळीची स्पर्धा आणि कोणत्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं, हे ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. पैसा घालण्याआधी हिंगोलीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन ती यादी बघावी. मान्यता नसलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं विकणारे एजंट फिरत असतात, त्यांच्यापासून लांब राहावं.

रस्त्याचंही बघावं लागतं. कारखान्याच्या हंगामात पहाटे बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. रोही आणि रानडुकरं याच वेळेला रस्ता ओलांडतात. मागं लाल चकाकी, पुढं दिवा, डोक्यावर हेल्मेट, आणि मोबाईलची गाणी बंद. दोघं-तिघं असतील तर एकामागं एक.

सगळ्यात जास्त अपघात चढताना होत नाहीत, उतरताना होतात. ट्रॅक्टर उतरताना लहान गिअरमध्ये ठेवला तर इंजिन त्याला धरून ठेवतं. सायकलला फ्रीव्हील असतं, तिला असं धरणारं काहीच नाही, जे काही आहे ते ब्रेक. घाट चढताना तासभर जी शक्ती ओतली ती सगळी उतरताना वाऱ्यात आणि ब्रेकच्या रबरात उष्णता होऊन जाते. म्हणून ब्रेक सारखा दाबून धरू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबला की सायकल डोक्यावरून जाते. रबर खिळ्याच्या टोपणाएवढं झिजलं असेल तर बदलावं, दोन-चार चहाच्या पैशात जोडी येते. काळ्या सायकलचे सळईचे ब्रेक तर पावसात ओले झाल्यावर धरतच नाहीत. अशी सायकल चढवून नेली असेल, तर माथ्यावरून ती हातात धरून चालत खाली आणावी.